व्हॅक्युम फॉर्मिंग मशीन: सामायिक कार्यशाळेत वापरताना काय पाळायचं, काय टाळायचं

नाटकाचे मुखवटे, गणपतीच्या मखराची उठावाची नक्षी, दुकानाच्या पाटीवरची फुगीर अक्षरं, चॉकलेटचे साचे, सुटे भाग ठेवायचे खणांचे ट्रे. या सगळ्या वस्तू एकाच प्रकारच्या मशीनवर निघतात. प्लॅस्टिकची शीट तापवून मऊ करायची, साच्यावर बसवायची आणि खालून हवा ओढून घ्यायची. शीट साच्याला घट्ट चिकटते, गार झाली की तोच आकार धरते. यालाच व्हॅक्युम फॉर्मिंग म्हणतात.

पूर्वी हे मशीन कारखान्यातच दिसायचं. आता ते टेबलावर मावेल इतक्या आकारातही मिळतं, त्यामुळे इंजिनिअरिंग कॉलेजं, फॅब लॅब आणि मेकर स्पेसमध्ये ते येऊ लागलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली, ती जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. मुंबईत सुरू झालेलं मेकर्स असायलम पुढे गोव्यात गेलं. २०१६ पासून देशभरातल्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. 'यंत्र सगळ्यांचं' ही कल्पना आता आपल्याकडे नवी नाही.

पण सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, असं होऊ नये. कारखान्यात एकच कारागीर वर्षानुवर्षं एका मशीनवर असतो. सामायिक कार्यशाळेत सकाळी विद्यार्थी, दुपारी पाटी रंगवणारा, संध्याकाळी मंडळाची पोरं. कुणी काय शीट लावली, हीटर चालू आहे की बंद, हे पुढच्याला ठाऊक नसतं. एखाद्याचा हात भाजला की पहिला निर्णय मशीनला कुलूप लावण्याचा होतो, आणि मग सगळ्यांचंच काम अडतं. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

मशीनचे भाग आणि त्यामागचं साधं विज्ञान

मशीन छोटं असो वा मोठं, भाग तेच. वर सरकणारा हीटर. त्याखाली शीट धरणारी फ्रेम आणि तिचे क्लॅम्प. फ्रेमखाली लिव्हरने वर-खाली होणारं भोकांचं टेबल, त्यावर साचा. बाजूला पंप, आणि बऱ्याच मशीनना पोकळी साठवणारी टाकी, व्हॉल्व्ह व गेज.

पंप शीटला 'खेचतो' असं आपण म्हणतो, पण खरं तर वरची हवा तिला दाबते. ३० बाय ३० सेंटिमीटरची शीट घेतली तर क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर. खाली पूर्ण पोकळी झाली, तर गोव्याच्या किनाऱ्यावर त्या शीटवर साधारण ९३० किलो वजनाइतका दाब येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे, हवा थोडी विरळ, म्हणून इथे तोच दाब साधारण ८५० किलो. दोन्हीकडे तो पोकळ, कच्चा साचा चेपून टाकायला पुरेसा आहे.

याच कारणाने गेजचा काटाही वेगळा दिसतो. समुद्रकिनारी पूर्ण पोकळी म्हणजे पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. बेळगावात पंप कितीही चांगला असला तरी काटा ६९५ च्या आसपास थांबणार, इंदूरला ७१० च्या आसपास. मशीनबरोबरच्या पुस्तकातला आकडा गाठला नाही म्हणून पंप उघडून बसू नका.

घरगुती व्हॅक्युम क्लीनरवर चालणारी छोटी मशीनही असतात. त्यांचा जोर खऱ्या पंपाच्या पाचवा हिस्सा असतो. पातळ शीट आणि उथळ साचा असेल तर तेवढा पुरतो. मात्र हीटर त्यातही तितकाच तापतो, त्यामुळे मशीन छोटं म्हणून काळजी छोटी, असं नाही.

धोका नेमका कुठे असतो

पाच गोष्टी लक्षात ठेवा.

१. हीटर. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग ३०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तो लाल दिसेलच असं नाही. स्विच बंद केल्यावरही बराच वेळ तो भाजण्याइतका गरम असतो.

२. मऊ शीट. १५० अंशांची शीट हाताला लागली तर गरम भांड्यासारखा चटका बसून सुटत नाही. ती त्वचेला चिकटते आणि भाजत राहते.

३. धूर आणि वाफ. चुकीची शीट किंवा जास्त ताप, दोन्हीत हे होतं.

४. वीज. हीटर आणि पंप मिळून भार मोठा असतो.

५. कापणी. मशीनवरचं काम संपलं की सगळे निर्धास्त होतात, आणि नेमका तेव्हा कटर बोटावर चालतो.

कुठली शीट चालेल, कुठली नाही

सामायिक कार्यशाळेचा पहिला नियम असा हवा: नाव माहीत नसलेली शीट मशीनवर चढणार नाही. 'घरी पडून होती', 'भंगारवाल्याकडे मिळाली', 'पाटीवाल्याचा तुकडा आहे' ही ओळख नव्हे.

हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, म्हणजे हिप्स. नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपी. साधारण १५० ते १८० अंशांवर छान मऊ होते. जास्त तापली तर स्टायरीनची वाफ सुटते, वास लगेच कळतो.

पीईटीजी. पारदर्शक, चिवट, त्यामानाने कमी तापावर, १२० ते १६० अंशांच्या दरम्यान बसते. आधी वाळवावी लागत नाही. पारदर्शक वस्तू हवी असेल तर सुरुवात हिच्यापासून करा.

एबीएस. मजबूत, पण हवेतला ओलावा शोषते. पावसाळ्यात उघडी राहिलेली शीट सरळ मशीनवर लावली की पृष्ठभागावर बुडबुडे येतात. ७० ते ८० अंशांवर काही तास वाळवून घ्यावी लागते.

ॲक्रिलिक. साधारण १६० ते १८० अंश. उग्र वास येतो. लेझर कटिंगसाठी आणलेली ओतीव ॲक्रिलिक शीट खोल साच्यावर नीट बसत नाही, पट्टीसारखी काढलेली म्हणजे एक्सट्रूडेड शीट बरी.

पॉलिकार्बोनेट. १८० अंशांच्या वर जावं लागतं आणि आधी १२० अंशांच्या आसपास कित्येक तास वाळवावं लागतं. नवशिक्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

पीव्हीसी. कारखान्यात पीव्हीसी फॉर्म होते, पण तिथे तापमान मोजलेलं असतं आणि धूर ओढणारी यंत्रणा असते. जास्त तापली की तिच्यातून हायड्रोजन क्लोराईड हा आम्लवायू सुटतो. तो डोळे-घसा जाळतो आणि आसपासच्या मशीनच्या लोखंडाला गंज आणतो. सामायिक कार्यशाळेत पीव्हीसीला बंदीच बरी.

इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. पाटीवाल्यांकडे मिळणारा सनबोर्ड म्हणजे फोमसारखी फुगवलेली पीव्हीसीच. फ्लेक्सचा कापडासारखा कागद, तोही पीव्हीसीचा. निवडणूक आणि उत्सव संपले की असे तुकडे ढिगाने मिळतात आणि 'फुकट आहे, वापरू' असा मोह होतो. तो आवरा.

शीट ओळखायची असेल तर दोन साधे मार्ग आहेत. छोटा तुकडा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतात, बाकी वर सांगितलेल्या घन शीट बुडतात. त्रिकोणात ३ आकडा छापलेला असेल तर ती पीव्हीसी. तरीही शंका राहिली तर शीट बाजूला ठेवा. चाळीस-पन्नास रुपये वाचवण्यासाठी फुप्फुसं पणाला लावू नयेत.

शीटवर संरक्षक फिल्म असेल तर तापवण्याआधी दोन्ही बाजूंनी काढा. पारदर्शक शीटवर ती दिसतही नाही, म्हणून कोपरा नखाने खरवडून बघा.

खेळती हवा म्हणजे एसी नव्हे

बेळगाव, खानापूर, चंदगड आणि गोव्यात पाऊस सुरू झाला की आपण खिडक्या लावून घेतो. मशीनचं काम मात्र मखराच्या निमित्ताने नेमकं त्याच दिवसांत वाढतं. बंद खोलीत हीटर चालवणं हा सगळ्यात नकळत होणारा धोका आहे.

स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेर काही टाकत नाही. छताचा पंखा वाफ खोलीभर पसरवतो, आणि हीटरवर थेट वारा आला तर शीट एका बाजूने कच्ची राहते. हवा तो बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन, मशीनच्या जवळ आणि वरच्या बाजूला, आणि त्याच्या समोरच्या बाजूने ताजी हवा यायला फट. पंख्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको.

कापडी मास्क किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. डोकं जड झालं, डोळे चुरचुरले, मळमळलं, तर मास्क घट्ट करण्यात वेळ घालवू नका. हीटर बंद करा आणि बाहेर या. धूर दिसू लागला म्हणजे शीट जळायला लागली आहे. वाट बघायची नाही, हीटर लगेच मागे सरकवायचा.

विजेची बाजू

आपल्याकडचा मोठा पॉवर प्लग १६ अँपियरचा असतो. २३० व्होल्टला तो जास्तीत जास्त ३,६८० वॅट झेपवतो. हीटर ३,००० वॅटचा आणि पंपाची मोटर एक हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण ७५० वॅट. बेरीज ३,७५० वॅट. म्हणजे मध्यम आकाराच्या मशीनलाही एक प्लग अपुरा पडतो, आणि मोटर सुरू होताना क्षणभर भार आणखी वाढतो. त्यामुळे स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

मशीनचा सांगाडा लोखंडी असतो, म्हणून अर्थिंग जिवंत आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या आणि दर वर्षी पुन्हा बघा. जुन्या वाड्यात किंवा भाड्याच्या गाळ्यात कार्यशाळा असेल तर तिसरी पिन नुसती शोभेची असू शकते.

वीज गेली तर? हा प्रश्न आपल्याकडे रोजचा आहे. शीट तापत असताना लाइट गेली की माणसं चहाला जातात. दहा मिनिटांनी वीज येते, हीटर आपोआप तापू लागतो, खाली शीट तशीच असते, जवळ कुणी नाही. आग लागायला एवढं पुरे. म्हणून वीज गेली की ठरलेला क्रम: हीटर मागे ढकला, मशीनचा मेन स्विच बंद करा, शीट फ्रेममधून सोडवा, मगच जागा सोडा. मशीनला स्टार्ट-स्टॉप बटणाचा काँटॅक्टर बसवून घेतला तर वीज परत आल्यावर बटण दाबल्याशिवाय ते चालू होत नाही. खर्च फार नाही, उपयोग मोठा.

साचा कसा असावा

साच्याला कुणी पॅटर्न म्हणतं, कुणी फर्मा, कुणी नुसतं डाय. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीचं काम पाहिलेल्यांना पॅटर्नचा 'ड्राफ्ट' सांगायला नको. वाळूच्या साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना जो उतार देतात, तोच इथेही लागतो. ३ ते ५ अंश पुरे. सरळ उभ्या भिंतीवर शीट गार होताना आकसते आणि अशी घट्ट बसते की स्क्रूड्रायव्हरने उचकटावी लागते. हाताला जखम होते ती तिथे.

लाकूड, एमडीएफ, पूर्ण वाळलेलं प्लॅस्टर, रेझिन, ॲल्युमिनियम हे चालतं. काय टाळायचं ते बघा.

ओला साचा. शाडू माती किंवा अर्धवट वाळलेलं प्लॅस्टर गरम शीटखाली वाफ सोडतं. शीट फुगते, कधी फाटते, आणि गरम वाफ अंगावर येते.

थर्माकोल. गरम शीट टेकताच वितळतो आणि चिकटून बसतो.

बंद पोकळ साचा. बाटली, डबा, पोकळ बाहुली. आतली हवा तापून प्रसरण पावते, बाहेरून दाब पडतो, साचा फुटू शकतो. पोकळ असेल तर खालून भोक पाडून आत वाळू किंवा प्लॅस्टर भरा.

थ्रीडी प्रिंट. पीएलए साधारण ६० अंशांपासून मऊ पडतं. जाड भिंतीचं प्रिंट एक-दोन वेळा टिकतं, मग वाकतं. दोन फेऱ्यांमध्ये पूर्ण गार होऊ द्या.

हवा निघायला साच्याच्या खोल कोपऱ्यांत एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक भोकं पाडा. साचा टेबलावर थेट न ठेवता खाली जाळी किंवा पुठ्ठ्याचे तुकडे द्या.

साचा जितका उंच तितकी शीट पातळ होते. २० बाय २० सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये १० बाय १० चा, ५ सेंटिमीटर उंच ठोकळा ठेवला तर ४०० चौरस सेंटिमीटरच्या शीटला ६०० चौरस सेंटिमीटर झाकावे लागतात. ३ मिलिमीटरची शीट सरासरी २ मिलिमीटर उरते, कोपऱ्यात त्याहून कमी. उंची साच्याच्या रुंदीपेक्षा जास्त नको, हा ढोबळ नियम पाळा. पातळ कोपरा फाटला की पोकळी सुटते आणि गरम कडा उसळते.

प्रत्यक्ष काम, क्रमाने

१. कपडे. सुती, पूर्ण बाह्यांचे. ओढणी, पदर, मफलर खोचलेला. केस बांधलेले. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. पायात बंद बूट, चप्पल नको. डोळ्यांवर चश्मा, हातात उष्णता सोसणारे चामडी किंवा जाड विणीचे हातमोजे. भांडी घासायचे रबरी मोजे इथे वितळतात.

२. जागा मोकळी करा. थिनर, स्प्रे पेंट, सिलिकॉन स्प्रे खोलीबाहेर. साचा सुटा निघावा म्हणून स्प्रे मारायचा असेल तर हीटर सुरू करण्याआधी, बाहेर नेऊन मारा. टाल्कम पावडरनेही काम होतं.

३. एक्झॉस्ट सुरू, मग हीटर. सिरॅमिक हीटरला पुरेसं तापायला १० ते १५ मिनिटं लागतात. या वेळात हीटर मागच्या जागेवर, खाली काहीही नाही.

४. गार फ्रेममध्ये शीट लावा. चारही बाजूंना क्लॅम्पखाली सेंटिमीटरभर शीट आली पाहिजे. एक क्लॅम्प ढिला असेल तर मऊ शीट त्या बाजूने सुटून हीटरला लागते.

५. टेबल एकदा वर-खाली करून साचा कशाला अडत नाही ना बघा. हे गार असतानाच करायचं.

६. हीटर पुढे ओढा आणि टायमर लावा. प्रत्येक मिलिमीटर जाडीला ३० ते ६० सेकंद हा नुसता अंदाज आहे. आपल्या मशीनची वेळ आपणच चाचणी घेऊन ठरवा.

७. शीटवरून नजर हलवू नका. हिप्सची शीट आधी लाटांसारखी वाकते, मग ताणून सपाट होते, मग मधून खाली झोळ येऊ लागतो. झोळ आला की वेळ झाली. फोन आला तर वाजू द्या.

८. हीटर पूर्ण मागे. मगच टेबल वर, मगच पोकळी. क्रम बदलायचा नाही. टेबल वर असताना हीटर पुढे ओढला तर साचाच भाजतो.

९. शीट घट्ट होईपर्यंत पोकळी चालू ठेवा. पंख्याने गार करा. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, वाफ हातावर येते.

१०. वस्तू काढा. अडली तर थोडी हवा उलटी सोडा. कॉम्प्रेसरची बंदूक अंगाकडे किंवा दुसऱ्याकडे कधीही रोखू नका.

मशीनवर एका वेळी एकच माणूस. एकाने लिव्हर धरायचा आणि दुसऱ्याने क्लॅम्प, अशी मदत अंगाशी येते, कारण एकाचा हात फ्रेममध्ये असताना दुसरा हीटर ओढतो. बघणाऱ्यांसाठी जमिनीवर पिवळी पट्टी मारा. शाळेची मुलं असतील तर लिव्हर मोठ्या माणसाच्याच हातात.

कापताना

कडा कापायच्या तर वस्तू पूर्ण गार झाल्यावर. कटर नेहमी स्वतःपासून दूर, आणि दुसरा हात पात्याच्या वाटेत नाही. एका दमात आरपार कापायचा हट्ट नको. दोन-तीनदा हलकी रेघ ओढा, मग हिप्स वाकवून मोडते. बोथट पातं जास्त जोर मागतं आणि घसरतं, म्हणून वेळेवर बदला. जुनी पाती कचऱ्याच्या पिशवीत नव्हे, झाकणाच्या डब्यात. झाडणाऱ्या मावशींचा हातही आपलाच समजा. कापलेली कडा धारदार असते, सँडपेपरने मारून घ्या.

भाजलं किंवा आग लागली तर

भाजलेली जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरा, पूर्ण २० मिनिटं. अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढा. त्वचेला चिकटलेलं प्लॅस्टिक ओढून काढू नका, कातडी बरोबर येते. ते डॉक्टर काढतील. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ यातलं काहीही नको. जखमेवर स्वच्छ कापड सैल ठेवा. तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल, फोड आले असतील, किंवा चेहरा, डोळा, बोटांचे सांधे भाजले असतील तर थेट दवाखाना.

शीटने पेट घेतला तर आधी मेन स्विच बंद, मग सीओटू किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक. वीज चालू असताना पाणी मारू नका. अग्निशामक दाराजवळ हवा, मशीनच्या मागे नको. आगीपलीकडे हात घालून तो घेणार कसा? ज्वाळा दोन-चार सेकंदांत आटोक्यात येत नसतील तर सगळ्यांना बाहेर काढा.

आपत्कालीन क्रमांक ११२ देशभर चालतो. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगण या सगळ्या राज्यांत आहे. अग्निशमन दलाचा १०१.

सामायिक कार्यशाळेचे नियम

प्रशिक्षणाशिवाय परवानगी नाही. जबाबदार माणसासमोर तीन वस्तू काढून दाखवल्या की वहीत सही. 'मी कारखान्यात काम केलंय' म्हणणाऱ्यालाही हाच नियम.

नोंदवही. नाव, तारीख, शीटचा प्रकार व जाडी, तापवायची वेळ, काही बिघाड. महिनाभरात ही वहीच तुमच्या मशीनचं खरं मार्गदर्शक पुस्तक होते.

बिघाड दिसला तर 'मशीन बंद आहे' अशी पाटी लावून मेन स्विचला कुलूप. तोंडी निरोप पुढच्यापर्यंत पोचत नाही.

एकट्याने, रात्री उशिरा काम नाही. हाकेच्या अंतरावर दुसरं कुणी हवंच.

निघताना हीटर बंद आणि मागे, फ्रेम रिकामी, पंपाचं तेल बघितलेलं, 'हीटर गरम आहे' ही पाटी लावलेली.

सूचनांचा फलक मराठीत तर हवाच, पण त्या राज्याच्या भाषेतही हवा. बेळगावात कन्नड, वडोदऱ्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी. मशीनवरचे इशारे बहुधा इंग्रजीत असतात आणि मदतनीस ते वाचत नाही. भाषेचा प्रश्न जिथे मांडायचा तिथे जरूर मांडू. हीटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्याला कळेल त्या भाषेत 'हात लावू नका' हे कळलंच पाहिजे.

घरी बनवलेलं मशीन कार्यशाळेत आणायचं असेल तर

प्लायवूडची पेटी, शेगडीची कॉइल आणि व्हॅक्युम क्लीनर जोडून मशीन बनवणारे हौशी कारागीर बरेच आहेत. कौतुक आहे, पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय ते इतरांच्या हातात देऊ नका. उघडी कॉइल म्हणजे उघडी वीज, लोखंडी फ्रेम तिला टेकली की झटका. तिला जाळी आणि सांगाड्याला अर्थिंग हवं. हीटरच्या पेटीला ॲस्बेस्टॉसचा पत्रा नको, कापताना सुटणारे तंतू फुप्फुसात बसतात. त्याऐवजी कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घ्या. आणि पोकळीच्या टाकीसाठी पातळ पत्र्याचं पिंप वापरू नका. आतली हवा काढली की बाहेरचा दाब ते एका झटक्यात चेपून टाकतो.

काय बनवू नये

१ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यात प्लेट, कप, ग्लास, चमचे, ट्रे आणि सजावटीचा थर्माकोल येतो. म्हणजे लग्नासाठी किंवा महाप्रसादासाठी या मशीनवर प्लेटा काढून देणं कायद्यात बसत नाही. मुखवटा, पाटी, मखर वर्षानुवर्षं वापरता येईल असं जाड शीटचं बनवा. खाद्यपदार्थांचे साचे करायचे तर खाद्यवापरासाठी प्रमाणित शीटच घ्या. कापलेले तुकडे प्रकारानुसार वेगळे ठेवले तर भंगारवाला घेतो, मिसळले तर तो कचरा होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एकदा बसलेली शीट पुन्हा तापवून वापरता येते का?
तापवली तर ती सपाट होऊ पाहते, पण जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. पातळ भाग आधी जळतो. नको.

वास आला म्हणजे विषबाधा झाली का?
हलका वास हिप्स, एबीएसला येतोच. खेळत्या हवेत तो टिकत नाही. टिकला तर एक्झॉस्ट अपुरा आहे किंवा ताप जास्त आहे. दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तापवण्याच्या वेळी लांब राहावं.

हीटर किती वेळाने हात लावण्याइतका गार होतो?
घड्याळावर भरवसा ठेवू नका. हात लावायची गरजच पडू नये, अशी मांडणी करा. साफसफाई दुसऱ्या दिवशी सकाळी, प्लग काढून.

भिंतीवर लावायचा तक्ता

शीट ओळखीची आहे? पीव्हीसी, सनबोर्ड, फ्लेक्स नाही?
एक्झॉस्ट चालू आहे?
साचा कोरडा, भरीव, उताराचा आहे?
क्लॅम्प चारही बाजूंनी घट्ट आहेत?
मोजे, चश्मा, बंद बूट घातले?
हीटर मागे, मग टेबल वर, मग पोकळी.
हीटरखाली शीट असताना जागा सोडायची नाही.
वीज गेली तर आधी हीटर मागे, मेन स्विच बंद.
मदत: ११२, १०८, १०१